आधी हात, मग सेटिंग

आजचा लेख जरा भांडखोर आहे. घरी जोडलेल्या सीएनसी राउटरपाशी ज्यांचे शनिवार-रविवार जातात, त्या माझ्या जातभाईंशी भांडण आहे. म्हणजे आधी माझ्याशीच.

मुद्दा सरळ आहे. मशीन वेडंवाकडं कापायला लागलं की आपण सॉफ्टवेअरवाले पहिल्यांदा लॅपटॉप उघडतो, आणि तिथेच चुकतो. बिघाड बहुतेक वेळा एखाद्या ढिल्या स्क्रूत असतो आणि आपण तो आकड्यांत शोधत बसतो. का? तर आकडे बदलायला खुर्चीतून उठावं लागत नाही!

माझीच गोष्ट घ्या. गॅलरीतलं मशीन: ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टेपर मोटर्स, टी-८ लीड स्क्रू, आर्डुइनो युनोवर ग्रबल आणि स्पिंडल म्हणून स्पीड कमी-जास्त करता येणारा ट्रिमर. सुटे भाग थोडे बुधवार पेठेतले, थोडे बोहरी आळीतले. आईला देवघर करून द्यायचं कबूल केलं होतं. चाचणीसाठी प्लायचा १०० मिमीचा चौकोन कापला. व्हर्निअर लावला तर ९९.६.

आता हिशोब बघा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप, म्हणजे ३२०० पल्स. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी पुढे जातो. म्हणजे मिलिमीटरला बरोब्बर ४०० पल्स. हे गणित आहे, मत नाही. पण मी काय केलं? ग्रबलच्या $१०० आणि $१०१ मध्ये ४०० चे ४०१.६ केले. पुन्हा कापलं. १००! मी खूष. बग फिक्स्ड.

मग देवघराची ४०० मिमीची फळी कापली. ती आली ४०१.२. आणि २० मिमीचा छोटा ठोकळा १९.७. मोठं मोठं झालं, छोटं छोटंच राहिलं. कुठलाच सांधा बसेना. सहाशे रुपयांचं प्लाय गेलं आणि "दिवाळीपर्यंत होईल ना रे?" हे आईचं वाक्य तेवढं शिल्लक राहिलं.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. भोसरीत ३० वर्षं लेथवर काढली, आता निवृत्त. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर डोक्यात कुठेतरी होतं की हे जुन्या लेथवाले, यांना जी-कोड काय कळणार? ही लाज मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

काका आले. लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मशीन चालू ठेव, मोटरा धरून राहू देत." मग दोन्ही हातांनी स्पिंडल धरून डावी-उजवीकडे हलवलं. टक. टक. "ऐकलंस? हा तुझा प्रॉब्लेम." डायल गेज लावला तर ०.४ मिमीचा प्ले. पितळी नट ज्या ब्रॅकेटला होता त्याचे स्क्रू ढिले. तोच प्रकार दुसऱ्या अक्षावर. एलन कीने पाच मिनिटांचं काम. प्ले ०.०५ वर आला. सेटिंग परत ४००. चौकोन १००, फळी ४००, ठोकळा २०. पाव मिलिमीटरचीही तक्रार नाही.

यातला धडा आपल्या भाषेत सांगतो. चूक मापाच्या प्रमाणात वाढत असेल, तर स्टेपच्या आकड्यावर संशय घ्या. चूक सगळ्या मापांना सारखीच असेल, तर कुठेतरी ढिलं आहे का ते बघा. म्हणजे एक नाही, निदान दोन वेगवेगळी मापं कापून बघायची. एकाच टेस्ट केसवर कोड पास झाला म्हणून आपण रिलीज करतो का हो? (करतो कधीकधी. असो.)

आता दुसरा सल्ला, ज्याचा मला मनापासून राग आहे: "कट खराब येतोय? फीड कमी करा." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! हिशोब करा. १८,००० आरपीएम, दोन धारांचा बिट, फीड मिनिटाला ५०० मिमी. भागाकार केला की प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१४ मिमी लाकूड येतं. इतक्या कमीत धार कापत नाही, घासते. घासली की तापते, तापली की बोथट होते, आणि मग लाकडाच्या कडा काळ्या पडतात. आपण घाबरून फीड आणखी कमी करतो. जळका वास, ठिणगी आणि भुसा हे घरातल्या गॅलरीत बरं कॉम्बिनेशन नाही. उलटं करा: आरपीएम १०,००० वर आणा, एका धारेचा बिट लावा, फीड १००० ठेवा. धारेला ०.१ मिमी मिळतं. एका वेळची खोली मात्र कमी ठेवा, कारण आपलं मशीन हलकं आहे. प्लाय किंवा लाकूड कापताना पीठ उडत असेल तर धार घासतेय, बारीक ढलप्या उडत असतील तर कापतेय.

बिट कॉलेटमधून उगाच लांब बाहेर काढू नका. बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला बिट आठपट वाकतो. गोल कापला आणि चार ठिकाणी, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, सपाट डाग दिसले तर बॅकलॅश बघा. तळाला कौलांसारख्या पायऱ्या आल्या तर स्पिंडल काटकोनात नाही.

सेटिंगचा दोष कधीच नसतो का? असतो. मध्येच अख्खं डिझाइन एका बाजूला सरकलं तर मोटरने स्टेप चुकवल्या. तिथे ॲक्सिलरेशन किंवा ड्रायव्हरचा करंट तपासा. पण तिथेही आधी वायर आणि कपलरचा ग्रब स्क्रू बघा.

काही जण म्हणतील, बॅकलॅश सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतो. लिनक्ससीएनसीमध्ये ती सोय आहे. पण धार लाकडाला ओढते तेव्हा ढिला नट त्या प्लेमध्ये मनाला येईल तसा हलतो. हे कुठल्या व्हेरिएबलमध्ये मांडणार?

तेव्हा क्रम पाठ करा: हाताने हलवा, बिट आणि कॉलेट बघा, काम घट्ट बांधलंय का बघा, ढलप्या बघा. मग लॅपटॉप. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, हे तर आपल्यालाच दुसऱ्यांना शिकवायची सवय आहे.

काकांना पैसे विचारले तर रागावले. चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "मशीन बोलतं रे, तुम्ही हेडफोन काढा."

देवघर दिवाळीच्या आदल्या दिवशी बसलं.