न संपणारी सून

गेल्या पावसाळ्यांत नौपाड्यांतील एका वाचकमंडळाच्या बैठकीस जाण्याचा आम्हांस योग आला. त्या दिवशींचा विषय ‘मराठी मालिका व मराठी कुटुंब’ असा होता. चर्चा रंगांत आली असतां एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ उठले व म्हणाले, “मालिकावाल्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. बायकांना रडायला आवडतें. ते बिचारे रडवितात.” सभेंत मोठा हंशा पिकला. हंसणारांत निम्म्याहून अधिक स्त्रियाच होत्या, हें पाहून आम्हींही स्मित केलें. आणि घरीं परत येतांना त्या स्मिताची आम्हांस लाज वाटूं लागली. तिची फेड म्हणून हा लेख.

मालिकांच्या बाजूनें नेहमीं दोन कैफियती पुढें करण्यांत येतात. पहिली अशी कीं, मालिका हा समाजाचा आरसा आहे. दुसरी अशी कीं, प्रेक्षकांस, म्हणजे स्त्रियांस, हेंच हवें असतें. ह्या दोन कैफियती एकाच तोंडानें करितां येत नाहींत, इकडे कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आरसा समोर असेल तें दाखवितो. हवें असेल तें दाखवीत नाहीं. तरी आपण आरशापासूनच आरंभ करूं.

सकाळीं साडेसातच्या सुमारास गोखले रस्त्यावर कोणीही उभें राहावें आणि स्थानकाकडे लोटणारा स्त्रियांचा प्रवाह पाहावा. खांद्याला पिशवी, पिशवींत डबा. कोणी बँकेंत, कोणी रुग्णालयांत, कोणी शाळेंत, कोणी संगणकाच्या कचेरींत जाणारी. ह्यांच्या घरच्या सासवाही कांहीं दिवसभर देवघरांत जपमाळ ओढीत बसलेल्या नसतात. त्यांतील पुष्कळ स्वतः तीस तीस वर्षें नोकरी करून निवृत्तिवेतन घेणाऱ्या आहेत. तलावपाळीला फेरी मारून व नातवाला शाळेच्या गाडींत बसवून त्या वर्तमानपत्र उघडतात. ह्या घरांत भांडणें नाहींत असें नव्हे. पण तीं कशावरून होतात? जुनी इमारत पाडून नवी उभी राहणार, तिच्यांतील सदनिका कोणाच्या नांवावर करावयाची. मूल कोणीं सांभाळावयाचें. कर्जाचा हप्ता कोणाच्या पगारांतून जावयाचा. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीनें वडिलोपार्जित घरांत वांटा मागितला तर भावानें कोणतें तोंड करावयाचें. महाराष्ट्रानें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क १९९४ सालीं दिला. साऱ्या देशानें तो २००५ सालीं दिला. एवढा मोठा नाट्यविषय घरोघर पडून असतां आमच्या पाहण्यांतील मालिकांत वांटा मागणारी मुलगी ही बहुधा भुंवया उंचावून बोलणारी खलनायिका असते, आणि हक्कसोडपत्रावर डोळे पुसत सही करणारी ती सद्गुणी. असा आरसा ठाण्याच्या बाजारांत कोणी विकावयास ठेवला तर दुसऱ्या दिवशीं दुकान बंद करावें लागेल.

आमची परंपराच रडकी, असें म्हणून कांहीं लोक सुटका करून घेतात. मासुंदा तलावाच्या कांठच्या आमच्या नाट्यगृहास ज्यांचें नांव आहे त्या राम गणेश गडकऱ्यांची सिंधु ते उदाहरणादाखल पुढें करितात. सिंधूनें सोसलें हें खरें. परंतु १९१९ सालीं रंगभूमीवर आलेला ‘एकच प्याला’ पांच अंकांत संपतो. दारूनें व पतिभक्तीनें मिळून काय केलें याचा हिशेब शेवटच्या पडद्याबरोबर प्रेक्षकांच्या पदरांत पडे, व तो घेऊनच त्यांना घरीं जावें लागे. त्याच्याही वीस वर्षें आधीं देवलांच्या ‘शारदे’नें जरठ वरांचा बाजार उघडा केला होता. १९३७ सालच्या ‘कुंकू’ चित्रपटांतील नीरा तर वृद्धाशीं लागलेलें लग्न मान्यच करीत नाहीं. मुंबई प्रांतानें द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ सालीं, म्हणजे हिंदु विवाह कायद्याच्या नऊ वर्षें आधीं, केला. आणि त्यानंतर सत्तर वर्षांनीं, २०१६ सालीं, याच मुलुखांत जी मालिका सुरू होऊन घरोघर पाहिली गेली तिचें नांव ‘माझ्या नवऱ्याची बायको’! नांव विनोदानें ठेवलें असेल. पण साडेचार वर्षें चालणाऱ्या विनोदास विनोद म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

आतां दुसरी कैफियत. स्त्रियांना रडणेंच आवडतें असें म्हणणारांस १९८५ सालची ‘रजनी’ आठवत नाहीं काय? बासु चतर्जींनीं दूरदर्शनवर आणलेली व प्रिया तेंडुलकरांनीं केलेली ही गृहिणी रडत बसत नसे. गॅसचें सिलिंडर वेळेवर न देणारा दुकानदार, भाडें नाकारणारा टॅक्सीवाला, अशांशीं ती भांडत असे, आणि तिचें भांडण बहुधा त्याच आठवड्याच्या भागांत तडीस जाई. घरोघरच्या बायकांनीं तिला डोक्यावर घेतलें. ह्या रडणें आवडणाऱ्या बायका त्या वेळीं कोठें गेल्या होत्या?

रजनीच्या आदल्या वर्षीं ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोंत मिगेल साबिदो यांनीं प्रौढशिक्षण व कुटुंबनियोजन यांच्या प्रसारासाठीं काढलेल्या मालिकांचा तो कित्ता होता. मनोहर श्याम जोशींनीं तो देशी वळणानें गिरविला, आणि भागाच्या शेवटीं अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. तींतील भागवंती ही सोशिक आई लोकांच्या डोळ्यांत अंजन घालण्यासाठीं रंगविली होती. परंतु प्रेक्षकांचीं मतें तपासणाऱ्या संशोधकांस असें आढळलें कीं, पुष्कळांनीं तिलाच आदर्श मानलें. जें एका लेखकास समाजाचें व्यंग म्हणून दाखवावेंसें वाटलें, तेंच पुढें खाजगी वाहिन्यांचें भांडवल झालें. २०१३ सालच्या ‘होणार सून मी ह्या घरची’ मधील जान्हवी बँकेंत नोकरी करणारी. पण मालिकेचा जीव तिच्या नोकरींत नव्हता, सहा सासवांचीं मनें राखण्यांत होता.

परदेशीं सर्व उत्तम आहे, असें सांगण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. पाकिस्तानची ‘ज़िंदगी गुलज़ार है’ (२०१२) ही मालिका २०१४ सालीं आपल्याकडे दाखविण्यांत आली आणि नौपाड्यांतील कित्येक घरांत ती आवडीनें पाहिली गेली. मुलगा नाहीं म्हणून बापानें दुसरी बायको केली. पहिलीनें शाळेंत शिकवून तीन मुली वाढविल्या. त्यांतील थोरली कशफ शिकून सरकारी अधिकारी झाली. त्याच मालिकेंत नायकाची नोकरी करणारी आई मात्र संसाराकडे दुर्लक्ष करणारी म्हणून दाखविली आहे, हा तिचा सनातनीपणा आम्ही लपवूं इच्छित नाहीं. तुर्कस्तानच्या ‘फातमागुल’ मध्यें (२०१०) श्रीमंतांच्या पोरांनीं बलात्कार केलेल्या मुलीचें लग्न त्या रात्रीं तेथें असलेल्या एकाशींच लावून देण्यांत येतें, आणि तेथून ती न्यायालयाच्या पायरीपर्यंत कशी जाते याची ती कथा आहे. अशा लग्नानें गुन्हेगारास सूट देणारें कलम त्या देशानें २००४ सालच्या नव्या दंडसंहितेंत काढून टाकलें होतें. कायदा बदलला तरी गांवचीं मनें बदललेलीं नव्हतीं, हेंच त्या मालिकेस सांगावयाचें होतें. कोरियाच्या मालिकांतील नायिका वकिली करितात, उद्योग चालवितात. पण स्त्री-पुरुषांच्या वेतनांतील तफावत सधन देशांत कोरियांतच सर्वांत मोठी आहे. तेव्हां आरशाची गोष्ट तेथेंही खरी नाहीं.

मग त्यांच्यांत व आपल्यांत अंतर कोणतें? आमच्या मतें तें एकाच गोष्टीचें आहे, आणि ती गोष्ट म्हणजे शेवट. पाकिस्तानची ती मालिका २६ भागांत संपली. कोरियाची बहुधा १६ भागांत संपते. लांबी हा मुद्दा नव्हे; जपानच्या ‘ओशिन’ (१९८३) मालिकेचे २९७ भाग झाले. परंतु वर्षभरानें ती संपणार हें आधीं ठरलेलें होतें, म्हणून सातव्या वर्षीं तांदळाच्या मोबदल्यांत चाकरीस लावलेली ओशिन सासरच्या छळांतून मुलाला घेऊन बाहेर पडली, ती पुढें दुकानांची मालकीण होऊनच थांबली. शेवट ठाऊक असलेल्या लेखकास पात्राला कोठें तरी न्यावें लागतें. आमच्या लेखकास पात्राला कोठेंही जाऊं न देण्याचे पैसे मिळतात. दर आठवड्यास निवडक घरांतील यंत्रें आंकडा सांगतात. आंकडा चढता असेल तर मालिका बंद करणें हा धंद्यांतला मूर्खपणा ठरतो. नायिका सुखी झाली कीं कथा संपली. म्हणून तिला सुखी होऊं द्यावयाचें नाहीं. आणि ती कायमची पराभूत झाली तरी कथा संपली. म्हणून तिनें अधूनमधून बंड करावयाचें आणि सोमवारीं पुन्हां त्याच जेवणाच्या टेबलापाशीं उभें राहावयाचें.

‘आई कुठे काय करते’ (२०१९-२०२४) हिचा आरंभ आम्हींही मनापासून पाहिला, हें कबूल केलें पाहिजे. बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली ही कथा, पंचवीस वर्षें राबलेली अरुंधती, परस्त्रीच्या नादीं लागलेला अनिरुद्ध. अरुंधतीनें घटस्फोट घेतला, गाणें पुन्हां हातीं धरलें, तेव्हां मराठी मध्यमवर्गांत कांहीं तरी खरोखर हललें होतें. तेथें, किंवा तिनें दुसरें लग्न केलें तेथें, कथा थांबती तर आज तिचें नांव आम्ही ‘शारदे’च्या ओळींत घेतलें असतें. पण आंकडा चढता होता. मग दुसरा नवरा आशुतोष अपघातांत मारून टाकण्यांत आला. ह्यांत लेखिकांचा दोष आम्ही काढीत नाहीं. ज्या चाकाला त्या जुंपल्या आहेत तें थांबविण्याचा दांडा त्यांच्या हातांत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर ह्या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं बिहार, गोवा, हरियाणा व तामिळनाडू येथील खेड्यांचा अभ्यास करून २००९ सालीं असें दाखविलें कीं, ज्या गांवांत केबल आली तेथें नवऱ्यानें मारणें योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, व घराच्या निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला. म्हणजे ह्याच रडक्या मालिकांनीं, एरव्हीं जें सभा-व्याख्यानांनीं झालें नाहीं, तें केलें. आम्ही हा निष्कर्ष आनंदानें मानतों. त्यावरून एक गोष्ट उघड होते: बायका पुढ्यांत येईल तें गिळीत नाहींत, त्या त्यांतून आपल्या कामाचें तेवढें उचलतात. परंतु जिनें पूर्वीं उंबरठ्याबाहेरचें जग पाहिलें नव्हतें तिला शहरी सुनेचें घर ही खिडकी होती. जी सकाळीं साडेसातला स्वतःच्या पगाराकडे धांवते, तिला तेंच घर पाहून काय मिळणार?

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. पहिल्या भागाच्या आधींच शेवटच्या भागाची तारीख जाहीर करावी. सुनेला छळा, रडवा, सहाच्या जागीं बारा सासवा द्या. पण अमक्या दिवशीं ती कोठें जाऊन पोहोंचणार हें ठरवून मग लेखणी उचला.

त्या बैठकीहून जिना उतरत असतां त्या सद्गृहस्थांच्या पत्नी आमच्याबरोबर होत्या. आम्हीं त्यांना सहज विचारलें कीं, आपण कोणती मालिका पाहतां? त्या म्हणाल्या, “अहो सर, आमच्याकडे साडेसातला टीव्ही हेच लावतात. मी तेव्हां आंत पोळ्या लाटत असते. मला ऐकूं येतं सगळं. दिसत काहीच नाही.”