क्लुजमधला एक नोव्हेंबर

मी शहापूरची, म्हणजे आपल्या बेळगावच्या शहापूरची. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेय. गेल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर मुलाकडं रोमानियात क्लुजला होते. ‘तिकडचं काहीतरी लिहा की बाई’ म्हणून जुन्या विद्यार्थिनी मागं लागल्यात. ड्रॅक्युलाचा म्हणून दाखवतात तो ब्रानचा किल्ला बघितला, त्यात किल्ल्यापेक्षा गर्दीच जास्त. मला लिहायचंय ते दुसरंच, आणि ते वाचून काही जण माझ्यावर रागावणार हेही ठाऊक आहे.

पहिल्याच रविवारी बाहेर फिरून परत येताना गावाच्या वेशीवर पाटी दिसली. क्लुज-नापोका, खाली कोलोझ्वार, त्याखाली क्लाउझेनबुर्ग. एकाच गावाची रोमानियन, हंगेरियन आणि जर्मन नावं. मी मुलाला गाडी हळू घ्यायला लावली. ‘आई, पाटीच आहे ती,’ म्हणून तो हसला. बेळगावच्या पोरानं पाटीला हसावं?

हा ट्रान्सिल्वेनियाचा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यात होता. १ डिसेंबर १९१८ ला आल्बा युलियात रोमानियन लोकांनी तो रोमानियाला जोडायचा ठराव केला, १९२० च्या त्रियानोंच्या तहानं त्यावर शिक्का बसला. १ डिसेंबर हा आता तिथला राष्ट्रीय दिवस. सरळ झेंडे, संचलन. तिथल्या हंगेरियन माणसाला त्या दिवशी काय वाटत असेल, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९७४ साली चाउशेस्कूच्या राजवटीत क्लुजला ‘नापोका’ हे रोमन काळातलं नाव जोडलं. हंगेरियन यायच्या आधीपासून आम्ही इथं आहोत, असं सांगायला. (२०१४ चा आपला एक नोव्हेंबर आठवला का?) १९९२ ते २००४ गेओर्गे फुनार महापौर होते, त्यांनी तर बाकडी आणि कचराकुंड्यासुद्धा राष्ट्रध्वजाच्या निळ्या-पिवळ्या-लाल रंगात रंगवल्या.

त्यातून २००१ चा कायदा आला. ज्या गावात अल्पसंख्याक २० टक्क्यांच्या वर, तिथं पाटी आणि कारभार त्यांच्या भाषेतही. आपल्याकडं निकष १५ टक्क्यांचा आहे, म्हणजे खरं तर जास्त उदार. खरं तो कागदावर. क्लुजमध्ये २०११ च्या गणनेत हंगेरियन १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कायद्यानं पाटी लावायची सक्तीच नव्हती. तरी बरीच वर्षं वाद घालून २०१७ मध्ये लागली.

‘बघा, युरोप कसा आणि आपण कसे’ एवढं लिहून मी थांबणार होते. मसुदा तयारही होता.

खालच्या मजल्यावर एक हंगेरियन आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना इंग्रजी नाही, मला त्यांच्या दोन्ही भाषा नाहीत, त्यामुळं मध्ये माझी आठ वर्षांची नात. ती शाळेत रोमानियन शिकलीय. आजी मांजराशी हंगेरियनमध्ये बोलायच्या आणि बाजारात भाजीवाल्याशी रोमानियनमध्ये अशा भांडायच्या की बघत राहावं. मला कन्नड छान वाचता येतं, आणि हे मी कित्येक वर्षं चारचौघांत सांगत नव्हते, ते तिथं आठवलं.

एक नोव्हेंबरला मी जन्मात पहिल्यांदा बेळगावच्या बाहेर होते. इकडं काळे कपडे, सायकल फेरी. तिकडं त्या दिवशी कबरींवर दिवे लावतात. आजींनी आम्हा दोघींना हाजोंगार्दच्या दफनभूमीत नेलं. १५८५ पासूनची जागा, अख्खी टेकडी. हातात शेवंतीच्या कुंड्या. संध्याकाळी झाडांखाली हजारो दिवे, थंडी मी म्हणत होती, आणि दगडांवर हंगेरियन, रोमानियन, जर्मन नावं शेजारी शेजारी. मेल्यावर कुणी टक्का विचारत नाही.

त्यांच्या यजमानांच्या दगडावर खाली जागा मोकळी ठेवलेली होती, त्यांच्या स्वतःच्या नावासाठी. दिवा लावून झाल्यावर आजींनी नातीला काहीतरी विचारलं. नात गप्प. मी म्हटलं, सांग की. मग इंग्रजीत म्हणाली, ‘आजी, ती विचारतेय, तू माझ्याशी एका भाषेत बोलतेस आणि मी दुसऱ्या भाषेत उत्तर का देते?’

काय सांगणार मी? तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि स्वतःचा मुलगा इंग्रजी माध्यमात घातला. आमच्या शाळेत दोन तुकड्यांची एक झाली तेव्हा सरकारला नावं ठेवण्यात मीच पुढं होते. फेरीत चालणाऱ्या किती घरांतली पोरं मराठी शाळेत आहेत, हे मोजायला बसलो तर यादीत पहिलं नाव माझं.

आजींची मुलं फुनारच्या काळातसुद्धा हंगेरियन शाळेतच शिकली. तिथं बालवाडीपासून बाबेश-बोल्याई विद्यापीठापर्यंत हंगेरियनमध्ये शिकता येतं. त्या विद्यापीठाच्या नावातच एक रोमानियन डॉक्टर आणि एक हंगेरियन गणिती. हंगेरियन ऑपेरा वेगळा, नाटकघर वेगळं. तरी आजींची मुलगी आता बुडापेस्टला, वर्षातनं दोनदा येते. पाटीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘छान आहे. वाचायला पोरं राहिली पाहिजेत.’

पाटीचा हट्ट मी सोडा म्हणत नाही. १५ टक्क्यांचा हक्क आहे, तो मिळालाच पाहिजे, आणि न देणाऱ्याला माफी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. सरकारकडं सगळं मागितलं, आपल्या घराकडं काहीच मागितलं नाही. शाळा रिकामी करून पाटीवरच्या अक्षरांसाठी किती दिवस भांडणार?

आता दर रविवारी नातीला फोनवर पहिलीचं पुस्तक वाचायला लावते. जोडाक्षराला अडते, रडते, सूनबाई वैतागते. परवा विचारलं, ‘थंडी पडली का गं?’ तर म्हणाली, ‘लई पडलीय आजी.’ पुस्तकात ‘लई’ नाही. ते माझ्याकडनंच गेलं असणार.