ऐकून घेणारा कुलगुरू

मायकेल सॅडलर १९११ ते १९२३ या काळात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना दोन घटना शेजारी ठेवाव्या लागतात.

पहिली डिसेंबर १९१३ची. लीड्सच्या महापालिका कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा शहराच्या सेवा चालू ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी संपकऱ्यांच्या जागी काम करावे, याला सॅडलरांनी प्रोत्साहन दिले. संप मोडला. ऐन हिवाळ्यात दिवे आणि गॅस बंद पडले असते तर हाल गरिबांचेही झाले असते, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण तरुणपणी ऑक्सफर्डची व्याख्याने गावोगावच्या सामान्य माणसांपर्यंत नेण्याचे काम याच सॅडलरांनी केले होते. वादात एक पक्ष दुबळा असताना विद्यापीठाने आपली मुले दुसऱ्याच्या मदतीला धाडली, तर दुबळ्याचा विश्वास उडणारच.

दुसरी घटना १९१७ची. कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष म्हणून सॅडलर भारतात आले. आशुतोष मुखर्जींसारखे सदस्य सोबत होते. आयोगाने शेकडो लोकांची मते मागवली, महाविद्यालये पाहिली आणि १९१९मध्ये अहवाल दिला. शाळेचा पाया पक्का नसेल तर विद्यापीठ सुधारणार नाही, हे त्याचे सार. इंटरमीजिएटचे, म्हणजे शाळा आणि पदवी यांच्यामधले, वर्ग विद्यापीठातून काढावेत, शालेय शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळे असावीत, पदवी तीन वर्षांची करावी, या त्याच्या शिफारशी. आयोगाच्या शिफारशींना धरून ढाक्याचे निवासी विद्यापीठ १९२१मध्ये सुरू झाले. खुद्द कलकत्त्यात मात्र फारसे बदलले नाही. बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर तीन वर्षांची पदवी हा क्रम महाराष्ट्रात रुजायला १९७०चे दशक उजाडावे लागले.

अहवाल साम्राज्याच्या चौकटीतला होता, हा आक्षेप रास्त आहे. नेमणूक सरकारची, निर्णयही सरकारचाच. तरीही त्या चौकटीत सॅडलरांनी आधी विचारले, मग लिहिले. लीड्समध्ये संपाच्या वेळी त्यांनी बाजू आधी घेतली.

आमच्या मते पारडे सॅडलरांच्या बाजूने झुकते, पण संपाचा डाग पुसून नव्हे. कलकत्त्यात दाखवलेला धीर त्यांनी स्वतःच्या शहरातील कामगारांबाबतही दाखवायला हवा होता. आज कुलगुरू निवडताना पदव्यांइतकेच हेही तपासावे: निर्णयाआधी हा माणूस कोणाकोणाचे ऐकून घेतो, आणि त्यात ज्यांच्या हाती सत्ता नाही असे किती असतात.