कॉम्प्रेसरला ‘स्टार्ट किट’ हवेच काय?

उन्हाळा आला की वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरला ‘स्टार्ट किट’ बसविण्याचा ग्राहकास आग्रह होतो. आमच्या मते तो सरसकट योग्य नव्हे. किट म्हणजे आरंभी क्षणभर जोर देणारा कपॅसिटर आणि यंत्र फिरू लागताच त्यास बाजूस सारणारा रिले. इन्व्हर्टर यंत्र आपोआप सावकाश सुरू होते. त्यास किट जोडूच नये. साधे यंत्र अडखळत असल्यास प्रथम विजेचा दाब, तारेची जाडी व रन कपॅसिटर तपासावा. ते ठीक असूनही जुना कॉम्प्रेसर उठत नसेल, तरच किट द्यावे. आणि झिजलेले यंत्र त्याने नवे होत नाही, हेही स्पष्ट सांगावे. अनावश्यक वस्तू ग्राहकाच्या गळ्यात मारणे अचौर्यव्रत पाळणाऱ्या व्यापारी बंधूंस शोभत नाही.