मुदत नसलेला पत्ता

या आठवड्यात एका कार्यालयाने आपला कर्बेरॉस सर्व्हर, म्हणजे ओळख पटवून प्रवेशाची तिकिटं देणारा सर्व्हर, नव्या पत्त्यावर हलवला. डीएनएसमधली नोंदही वेळेत बदलली. तरीही कित्येक लिनक्स यंत्रं जुन्याच पत्त्यावर तिकीट मागत राहिली. तंत्रसाहाय्याचा सल्ला नेहमीचाच: रीस्टार्ट करा. या सदरात मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे, रीस्टार्ट ही दुरुस्ती नव्हे; त्याने फक्त पुरावा पुसला जातो.

इथे तो पुरावा फार बोलका होता. टर्मिनलवर ‘केइनिट’ ही तिकीट मागणारी आज्ञा चालवली की सर्व्हरशी संपर्क होत नव्हता. त्याच यंत्रावर लॉगिनच्या पडद्यावर तोच पासवर्ड टाकला की आत जाता येत होतं, आणि त्यानंतर केइनिटही मुकाट्याने चालत होतं. कारण लॉगिन एसएसएसडी या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्राममार्फत होतं. तो स्वतः सर्व्हर शोधतो, एक बंद असला तर दुसरा धरतो आणि हाती लागलेला पत्ता ‘केडीसीइन्फो’ नावाच्या फायलीत लिहून ठेवतो. केइनिट एसएसएसडीला विचारायला जात नाही. कर्बेरॉसची लायब्ररी एका प्लगइनमधून ती फाइल वाचते आणि तिच्यावरच विसंबते. मधल्या काळात कुणी लॉगिन केलं नाही, तर फायलीतला पत्ता तसाच शिळा होत जातो.

फाइल ठेवण्यामागचं कारण रास्त आहे. पासवर्ड बदलल्यावर तो सगळ्या सर्व्हरांवर पोहोचायला वेळ लागतो, म्हणून यंत्रातल्या सर्व प्रोग्रामांनी एकाच सर्व्हरशी बोलणं बरं. पण डीएनएस १९८३ साली आखलं गेलं तेव्हापासून प्रत्येक नोंदीसोबत तिची मुदत येते, आणि ती ठरवतो नोंदीचा मालक. पत्ता केडीसीइन्फोत उतरला की ही मुदत गळून पडते. नव्या आवृत्त्या एकाऐवजी अनेक पत्ते लिहितात. सेटिंग बदललं नाही तर तीन मुख्य, एक राखीव. सुधारणा चांगली आहे, तरी मुदत नाहीच. हा दोष एकट्या एसएसएसडीचा नाही: फ्रीरेडियस हा ओळख तपासणारा सर्व्हर तर ज्या सर्व्हरकडे विनंत्या पुढे पाठवायच्या त्याच्या नावावरून पत्ता सुरू होताना एकदाच शोधून घेतो.

तिकिटावाचून अडलेली माणसं मग सामाईक रूट पासवर्ड वापरू लागतात, आणि कर्बेरॉस बसवण्याचा हेतूच बुडतो. उपाय एवढाच: एसएसएसडीने फायलीत पत्त्याशेजारी मुदतही लिहावी. ती संपली की प्लगइनने फाइल बाजूला ठेवून लायब्ररीला थेट डीएनएसकडे जाऊ द्यावं.