विसावणाऱ्यांची आळशी जमात

देवापाशी विसावा शोधणं हा पळपुटेपणा आहे, असं एका विद्वानांनी नुकतंच सुनावलं. माणूस एकदा देवाच्या पायाशी टेकला की पुन्हा उठतच नाही म्हणे. त्याची बुद्धी झोपते, हात थंडावतात, शेजारचं घर जळालं तरी तो डोळे मिटून बसतो. शिवाय देव आहे हे सिद्ध नाही आणि मन शांत करायला हल्ली औषधं मिळतात. हेच विद्वान दर मे महिन्यात महाबळेश्वरला जातात. तिथून मात्र ते ताजेतवाने होऊन परततात.

देव सिद्ध करून देण्याचा मक्ता भक्ताने कधी घेतलाच नव्हता. औषधांचं डॉक्टरांना विचारावं. पण ‘उठतच नाही’ हे काही मला सोडवत नाही.

विद्वानांनी नागपूरहून हावडा मेल पकडावी. हावडा स्टेशनच्या उत्तरेला, हुगळीच्या त्याच काठावर बेलूर मठ आहे. 9 डिसेंबर 1898 रोजी विवेकानंदांनी रामकृष्णांच्या अस्थींचा कलश स्वतःच्या खांद्यावरून तिथे नेला. गुरूला, म्हणजे त्यांच्या लेखी देवालाच, हक्काची जागा झाली आणि शिष्यांना त्याच्यापाशी बसायची सोय. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात कलकत्त्यात प्लेगची घबराट उडाली होती. मदतीला पैसा कुठून आणणार, असा प्रश्न निघताच, वेळ पडली तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असं हेच गृहस्थ म्हणाले होते. पुढच्या वर्षी रामकृष्ण मिशनची माणसं विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदितांसह वस्त्यांतली घाण उपसत होती. डोळे मिटून, अर्थातच!

तिथलं मोठं देऊळही पाहावं. विवेकानंदांच्या सांगण्यावरून त्याचा आराखडा काढला विज्ञानानंदांनी. संन्यासाआधी ते पुण्यात शिकलेले सरकारी इंजिनिअर होते. विवेकानंद 1902 मध्ये गेले. देवळाची प्रतिष्ठा झाली 1938 च्या संक्रांतीला, विज्ञानानंदांच्याच हातून. 36 वर्षं एका आराखड्याचा पिच्छा न सोडणारा आळशी मला तरी अजून भेटलेला नाही.

देव हाच निवास आणि शरण, हे गीतेच्या नवव्या अध्यायात ज्याला सांगितलं, तो अर्जुन पुढे लढला. तिथवर वाचायला विद्वानांना सवड झाली नसावी.

दुखणं तसं जुनंच. टाळांनी तलवारी गंजवल्या, संतांनी महाराष्ट्र लुळा केला, हे शंभर वर्षांपूर्वीही आवेशाने लिहिलं गेलं. तुकोबांची कीर्तनं आणि शिवरायांचे पहिले किल्ले एकाच दशकातले, ही अडचण तेव्हाही कुणी मनावर घेतली नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे 250 किलोमीटर चालणाऱ्याला आळशी म्हणायचं असेल, तर म्हणणाऱ्याने आधी वाटेतला दिवे घाट चढून दाखवावा.

मग हा विसावा असतो तरी काय? माझ्या मते, जिथे कुणी हिशेब मागत नाही ती जागा. बापापासून साहेबापर्यंत जो तो विचारतो, काय केलंस? देव विचारत नाही, एवढंच. विचारणारा नसला की माणूस सुस्तावतो म्हणाल, तर दिवसभर विचारणारे डोक्यावर बसलेले असताना तो किती काम करतो, ते कुठल्याही कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊन पाहावं.