वाण कुणाला?



नवरा वारला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितलं.

पण वस्त्यांमध्ये काम करताना मला दिसतं, की बांगड्या राहिल्या तरी संक्रांतीचं वाण तिच्यापर्यंत पोचत नाही. पोटच्या लेकीला हळद लावायलाही तिला मागे ठेवतात. एकदा ती ‘अपशकुनी’ ठरली, की सातबाऱ्यावरचं तिचं नाव डावलणंही घरच्यांना सोपं जातं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या प्रथांचा समावेश नाही. ठराव ग्रामसभा करील. हळदीकुंकू मात्र आपणच करतो. येत्या संक्रांतीला पहिलं वाण तिला देऊया.